नागपुरात जुने वर्क शर्ट कुठे मिळतात आणि खरे कसे ओळखायचे

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की इन्स्टावर तीन-साडेतीन हजारला ‘विंटेज वर्क शर्ट’, म्हणजे कामावर घालायचे जुने पक्के शर्ट, विकून राहिले, ते नागपुरात स्वस्तात कुठे मिळतील, खरे-खोटे कसे ओळखायचे, आणि दिल्लीच्या एका पेजवर जो निळा शर्ट तुम्हाला आवडलाय तो घ्यावा की नाही. मी शिलाईकामातला माणूस, जुने कपडे घेणं, दुरुस्त करणं, विकणं हे बरीच वर्षं सुरू आहे, म्हणून जरा लांबलचक सांगतो, चहा घेऊन बसा.

पहिले एक डोक्यातून काढा. नागपुरात विंटेज कपड्यांची अशी एखादी गल्ली नाही. मुंबईला चोर बाजार आहे, अहमदाबादला साबरमतीच्या काठावर रविवारचा गुजरी बाजार आहे, दिल्लीला सरोजिनी आहे, तसं इथे काही शोधत फिराल तर सीताबर्डीच्या बाजारात, म्हणजे बर्डीवर, दोन तास घालवून घामाघूम होऊन घरी याल आणि हातात एक चायनीज पॉलिस्टरचा चेक्स शर्ट असेल. इथे माल आहे, पण तो दुकानात टांगलेला नाही. तो लोकांच्या पेट्यांमध्ये आहे, आठवडी बाजाराच्या ताडपत्रीवर आहे, आणि युनिफॉर्मच्या दुकानांत आहे जिथे कोणी फॅशनवाला जात नाही.

ताडपत्रीवरचा माल येतो कुठून ते समजून घ्या म्हणजे काय मिळेल याचा अंदाज येईल. एक वाट आपली घरचीच. बोहारीण दारावर येते, जुन्या साड्या-शर्टावर स्टीलचं पातेलं देते, मग ते कपडे निवडले जातात, चांगले धुऊन इस्त्री होऊन बाजारात बसतात, फाटके चिंध्यांत जातात, गॅरेजवाले पुसायला घेतात. दुसरी वाट बाहेरच्या देशातली. तिकडचे टाकून दिलेले कपडे गाठी बांधून आपल्याकडे येतात, गुजरातचं कांडला बंदर हे त्यातलं मोठं नाव, आणि लोकरीचा बराचसा माल पानिपतला जाऊन फाडून त्याचं परत सूत होतं, त्या स्वस्त ब्लँकेटा पाहिल्या असतील ना, त्याच. वापरलेले कपडे भारतात मोकळेपणाने आयात करता येत नाहीत, लायसन लागतं, पण तरी त्यातला माल देशभरच्या बाजारात फिरत असतो हे काही गुपित नाही. तर ताडपत्रीवर अमेरिकन शर्ट दिसला तर तो असाच आलाय, कोणाच्या आजोबाने शिकागोवरून आणला वगैरे गोष्टी ऐकायच्या, हसायचं, आणि शिवण पाह्यची.

हिवाळ्यात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात तिथे जाऊ का, असं पण तुम्ही विचारलंय. जा, स्वेटर चांगले असतात, बोलायलाही माणसं गोड, पण तो बहुतेक लुधियानाचा नवा माल असतो. विंटेज म्हणून जाऊ नका.

आता बाजारात गेल्यावर. रविवारी बर्डीच्या फुटपाथवर गर्दी असते, तिथे नवा आणि एक्स्पोर्ट सरप्लस, म्हणजे परदेशी ऑर्डरमधला उरलेला, म्हणून खपवलेला माल जास्त. सरप्लस खरा असेल तर लेबल अर्धं कापलेलं असतं किंवा त्यावर मार्करची रेघ असते, पण हल्ली नव्या मालाचं लेबल पण मुद्दाम कापतात म्हणून त्याच्यावर जाऊ नका. जुना वापरलेला माल पाह्यचा तर आठवडी बाजार धरा, आणि शहराबाहेर कामठी, उमरेड, सावनेर अशा गावांचे बाजार करा, तिथे बोहारणीकडचा माल असतो आणि त्यात कधीकधी सत्तरच्या दशकातला टेरिकॉटचा शर्ट, हातभर लांब कॉलरवाला, पन्नास-साठ रुपयात पडलेला असतो. सकाळी जा. उशिरा गेलात तर चांगला सुती माल मजूर लोकांनी नेलेला असतो, आणि तो त्यांनीच न्यावा हेही सांगून ठेवतो. तिथे कपडा घेणारा माणूस उद्या कामावर घालायला घेऊन राहिला, तुम्ही हौसेसाठी. दहा रुपयासाठी घासाघीस करू नका, आणि त्याच्या मापाचा धड शर्ट दिसला म्हणून पाच-पाच उचलून नंतर ऑनलाइन दहापट भावाने विकायचा धंदा तर अजिबात करू नका. मी स्वतः विकतो, पण ज्याला दुरुस्ती लागते असाच माल उचलतो, त्याला तिथे गिऱ्हाईकच नसतं.

टेरिकॉटचं मात्र एक लक्षात ठेवा. फोटोत लय भारी दिसतो, पण त्यात पॉलिस्टर असतं आणि आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीला तो शर्ट घालून व्हेरायटी चौकात सिग्नलला उभं राहून दाखवा. हवा पास होत नाही. दिवाळी ते होळी घालायला ठीक. बाराही महिने घालायचा वर्क शर्ट पाहिजे तर शंभर टक्के सुतीच पाहिजे, आणि सुती आहे की नाही हे लेबल सांगणार नाही, धागा सांगतो. शर्टाच्या आत तळाशी शिवणीत जी माया सोडलेली असते तिथून एक धागा ओढा (विकत घेतल्यावर बरं, आधी नाही), चिमट्यात धरून काडी लावा. सुती असेल तर कागदासारखा जळतो, वासही तसाच, आणि बोटात मऊ राख उरते. पॉलिस्टर असेल तर वितळतं, काळं पडून कडक मणी होतो. मिक्स असेल तर थोडी राख थोडा मणी. दुकानदाराने ‘प्युअर कॉटन’ शंभरदा म्हटलं तरी मण्याचा खडा बोटाला लागतोच.

वय ओळखायचं तर अमेरिकन शर्टाबद्दल सगळे सांगतात, आपल्या देशी शर्टाबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून आधी देशी. आपल्याकडे सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. म्हणजे टेलरच्या किंवा कंपनीच्या लेबलवर ‘बॉम्बे २’ किंवा ‘बॉम्बे १९’ असा टपालाचा छोटा झोन नंबर असेल तर तो बहुतेक त्याच्या आधीचा किंवा जुनी लेबलं संपेपर्यंतचा, आणि सहा आकडे असतील तर त्यानंतरचाच. बॉम्बेचं मुंबई १९९५ ला झालं, मद्रासचं चेन्नई १९९६ ला, कलकत्त्याचं कोलकाता २००१ ला. हे उलटं मात्र चालत नाही बरं का, ‘बॉम्बे’ लिहिणारे ब्रँड आजही आहेत, पण लेबलवर मुंबई छापलंय आणि विकणारा म्हणतो सत्तरचा शर्ट आहे, तर तिथेच नमस्कार करून निघा. कॉलर पण सांगते. आजकालच्या कॉलरमध्ये चिकटणारं बकरम, म्हणजे आतलं कडक अस्तर, इस्त्रीने बसवलेलं असतं, आणि ते हलकं असेल तर काही धुण्यांत कॉलरवर बारीक फुगे येतात. जुन्या कॉलरमध्ये कॅनव्हास किंवा साधा सुती कपडा आत शिवलेला असायचा, चोळून पाहा, दोन थर एकमेकांवर सरकतात. हा सरकणारा थर बोटाला कळला की मी बाकीचा शर्ट नीट पाह्यला घेतो.

अमेरिकन मालात लेबलच्या चार खुणा पुरतात. तिकडे कपड्यावर धुण्याच्या सूचना लावणं १९७२ पासून सक्तीचं झालं, म्हणून गळ्यात किंवा बाजूच्या शिवणीत ‘मशीन वॉश वॉर्म’ छापलं असेल तर त्यानंतरचा धरायचा. जीन्सवाल्या लिव्हाइसच्या खिशावरच्या लाल टॅबवर नावातला ई कॅपिटल असेल तर साधारण १९७१ च्या आधीचा, पण आता तेच लोक जुन्या डिझाइनची नवी कॉपी पण काढतात, कॅपिटल ई सकट, म्हणून नुसत्या टॅबवर उड्या मारू नका. पत्त्यात झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड, असेल तर १९६३ नंतरचा. आणि आत कुठे ‘युनायटेड गारमेंट वर्कर्स’ या युनियनचा छोटा शिक्का-लेबल सापडलं तर मजाच, वर्क शर्टात ते असायचं. ‘सॅनफोराइज्ड’ लिहिलेलं पाहून लोक फार नाचतात, ती कपडा आधीच आकसवून घ्यायची पद्धत आहे, सॅनफर्ड क्लुएट नावाच्या माणसाची, १९३० च्या सुमाराची, नंतर खूप दशकं वापरात होती, त्यामुळे त्या एका शब्दाने वय ठरत नाही. त्याने इतकंच कळतं की धुतल्यावर फार आकसणार नाही.

आता शिवण. इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्ही पण घालवा. वर्क शर्ट म्हणजे कारखान्यात, रेल्वेत, शेतात घालायचा शर्ट, तो दिसण्यासाठी बनलाच नव्हता, फाटू नये म्हणून बनला होता. उलटा करा. बाजूची शिवण आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, पाहा. चांगल्या शर्टात दोन्ही कापडं एकमेकांत दुमडून त्यावर दोन किंवा तीन समांतर टिपा असतात, आतून कच्ची कड कुठेच दिसत नाही. त्या टिपा आतून साखळीसारख्या दिसत असतील तर ती चेन स्टिच, जुन्या अमेरिकन वर्क शर्टाची हमखास खूण. आतून ओव्हरलॉकचे झिगझॅग धागे दिसले तर तो साधा फॅशन शर्ट, कितीही फिका केलेला असो. मग खालचा घेर पाहा, जिथे पुढची आणि मागची बाजू मिळते तिथे छोटा त्रिकोणी तुकडा लावलाय का, तिथूनच शर्ट फाटतो म्हणून लावायचे. बटणपट्टी आतून उलटवा, काही जुन्या शर्टांत तिथे कापडाचा काठच तसाच वापरलेला असतो, दुमडत बसायची मेहनत वाचावी म्हणून. खिशाला पेन्सिलीची वेगळी फट आहे का पाहा. काज मोजू नका पण काजाची कड पाहा, विरळ असेल तर तो शर्ट घाईत बनलाय.

आणि निळे वर्क शर्ट बरेचदा चँब्रे नावाच्या कापडाचे असतात, तर चँब्रे म्हणजे पातळ डेनिम नाही, हा घोळ विकणारेही करतात. डेनिमच्या विणीत तिरप्या रेघा असतात आणि मागची बाजू पांढरट दिसते. चँब्रेत उभा धागा रंगीत आणि आडवा पांढरा, वीण साधी, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

खोटा म्हातारा केलेला शर्ट ओळखणं त्याहून सोपं आहे. फॅक्टरीत दगड किंवा एन्झाइम टाकून धुतात, त्यात शर्ट सगळीकडून बराबर फिका होतो. माणसाने घातलेला शर्ट कुठे झिजतो? कॉलरच्या घडीवर, कफच्या कडेला, कोपरावर, खिशाच्या ज्या कोपऱ्यात हात जातो तिथे. खिशाच्या फ्लॅपखालचा कपडा उचलून पाहा, तिथे ऊन लागलेलं नसतं म्हणून रंग गडद पाहिजे. कॉलरच्या खालची बाजूही तशीच. फ्लॅपखाली पण तितकाच फिका, पाठीवर पण तितकाच, आणि कोपरं धडधाकट, तर त्या शर्टाने आयुष्यात काम केलेलं नाही.

माप घेताना लेबलचा नंबर विसरा. घरून तुमचा एक बरा बसणारा शर्ट मोजून या, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, शोल्डर, बाही, उंची, हे चार आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि टेप खिशात. अमेरिकन वर्क शर्ट ढगळ असतात, आपल्या ४० वाल्याला त्यांचा मीडियम पुरून उरतो. छाती ढिली असेल तर बाजूने आत घेता येते, उंची कमी करता येते, पण शोल्डर मोठा असेल तर सोडा. तीन टिपांची शिवण उसवून मुंढा परत चढवणारा टेलर सापडला तरी तो जितके पैसे मागेल तितक्यात दुसरा शर्ट येतो, आणि शर्टाची मजा त्या शिवणीतच होती, तीच गेली.

आता खरा माल. पेट्या. या शहरात १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, जमशेटजी टाटांची, व्हिक्टोरिया राणीला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून ते नाव. शंभरावर वर्षं चालली, आता त्या जागेवर मॉल आहे, तुम्ही तिथे पिक्चर पाह्यला गेला असाल. शिवाय मॉडेल मिल होती. म्हणजे या शहरात दोन-तीन पिढ्या मिलमध्ये, रेल्वेत, अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, कोराडीच्या पॉवर हाउसमध्ये, कोळशाच्या खाणीत नोकरी केलेली घरं गल्लोगल्ली आहेत. त्या घरात लोखंडी पेटी असते आणि तिच्यात डांबरगोळ्यांच्या वासात आजोबांचा ड्रिलचा, म्हणजे जाड तिरप्या विणीच्या सुती कापडाचा, खाकी शर्ट, कामाचा निळा डांगरी, कधी मिलचं न शिवलेलं कापड, काठावर मिलच्या नावासकट, पडलेलं असतं. हे कोणी विकायला काढत नाही. आधी तुमच्याच घरी विचारा, मग मामाकडे, मग मित्राच्या आजीकडे. ‘आजी, आजोबांचे कामावरचे कपडे ठेवले आहेत का’ असं विचारलं तर आधी म्हणतील ‘काहून, काय करतं त्याचं?’, मग पेटी उघडेल आणि मग अर्धा दिवस गेला म्हणून समजा. पैसे काढून दाखवू नका, अपमान वाटतो, ज्यांना द्यायचं ते देतात आणि ज्यांना नाही त्यांच्याकडून माप आणि फोटो घ्या. खाकी पोलीस किंवा एसटीच्या बिल्ल्यासकट मिळाला तर बिल्ले-पट्ट्या काढून घरी ठेवा, अंगावर नको. कामठीला लष्कराची छावणी आहे म्हणून तिकडे मिलिटरीचे जुने शर्ट शोधायला पण पोरं जातात, तर सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून तसा पोशाख घालणं हा गुन्हा आहे, आणि सैन्याच्या गणवेशाचा २०२२ चा नवा छापील पॅटर्न तर बाजारात विकायलाच बंदी आहे. साधा ऑलिव्ह शर्ट घ्या, छपाईचा नको.

दुसरी जागा म्हणजे युनिफॉर्मची दुकानं आणि गांधीबागचा कापड बाजार. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांना माल देणाऱ्या दुकानात विचारा, ‘ड्रिलचा शर्ट, दोन खिशे, सुती पाहिजे, मिक्स नको’. दुकानदार तुम्हाला वेडा समजेल पण मागून जुन्या स्टॉकमधला एखादा काढून देईल, न घातलेला, धूळ बसलेला, पाचशेच्या आत. त्याला विंटेज म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, शर्ट पक्का असतो. आणि तेही नाही जमलं तर पेटीतला शर्ट नमुना म्हणून घेऊन टेलरकडे जा, न उसवता वरून माप घ्यायला लावा. कपडा ३६ इंच पन्ह्याचा, म्हणजे रुंदीचा, असेल तर फुल बाहीला अडीच मीटर धरा, ५८ पन्ह्याचा असेल तर पावणेदोन. वर्ध्याला जाणं झालं तर मगन संग्रहालयात खादी पाहून या, १९३८ पासूनची जागा आहे, नैसर्गिक रंगातली मिळते, तिचा वर्क शर्ट आपल्या उन्हात ड्रिलपेक्षा हलका पडतो. फक्त शिवायच्या आधी कपडा भिजवून वाळवा, खादी आकसते.

घरी आणलेला जुना शर्ट लगेच कपाटात नाही. पिशवी बांधून बाहेर, मग गरम पाण्यात धुवा, कडक इस्त्री करा, ढेकूण-उवांची अंडी उष्णतेनेच जातात. काखेतले पिवळे डाग क्लोरीनच्या ब्लीचने काढू नका, डाग अजून पिवळा होतो आणि सूत खाल्लं जातं ते वेगळं, ऑक्सिजनवालं ब्लीच घालून रात्रभर भिजवा. डांबरगोळीचा वास धुऊन जात नाही, सावलीत वाऱ्यावर आठवडाभर टांगूनच जातो. आणि कॉलर घडीवर फाटली असेल तर टाकू नका बाप्पा, जुना टेलर कॉलर पलटवून देतो, वरची बाजू खाली करून परत बसवतो, महाल-इतवारीकडे विचारत गेलात तर असं करणारे आणि बारीक रफू करणारे अजून आहेत, नव्या बुटिकवाल्याला विचाराल तर तो नवीन शर्ट घ्या म्हणेल.

राहिला तुमचा दिल्लीचा निळा शर्ट, साडेतीन हजार. तुम्ही जो फोटो दाखवला त्यात समोरून टांगलेला शर्ट आणि लेबल एवढंच आहे, त्यावरून मी काय कोणीच सांगू शकत नाही. त्यांना तीन फोटो मागा, मुंढ्याची शिवण आतून, खिशाचा फ्लॅप उचलून, आणि खालच्या घेराचा बाजूचा जोड. सोबत काखेपासून काखेपर्यंतचं माप इंचात. खरा असेल तर विकणारा पाच मिनिटात पाठवतो, त्याला त्याचा अभिमान असतो. शिवण तीन टिपांची चेन स्टिच निघाली, फ्लॅपखाली रंग गडद निघाला आणि सूत शंभर टक्के असेल तर साडेतीन हजार फार नाहीत, घ्या. ‘सर फोटो नहीं हो पाएगा, पीस एक ही है, जल्दी बुक करो’ असं आलं तर पैसे पाठवू नका.